मोरा ते मोरा

सेवानिवृत्त मनुष्याने प्रत्यही तासभर चालावे, असा दंडक ज्या कोणा वैद्यकाचार्याने घालून दिला, त्याने स्वतः पनवेलात एक पावसाळा तरी काढलेला नसावा, अशी माझी खात्री आहे. आमच्या गावात रस्ते नाहीत असे मी म्हणणार नाही. रस्ते विपुल आहेत, परंतु त्यांवर रिक्षा, हातगाड्या, वडापावाच्या टपऱ्या आणि निष्कारण उभे असलेले तरुण यांची वहिवाट इतकी जुनी व निर्वेध आहे की, पायी चालणारा मनुष्यच तेथे अतिक्रमण करीत आहे असे भासावे. खाडीच्या बाजूला जावे, तर जेथे एके काळी मिठाची आणि तांदळाची गलबते लागत, त्या खाडीच्या पलीकडे उलव्याची टेकडी कापून व नदीचा ओघ वळवून विमानतळ उभा राहिला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले, ही गोष्ट पनवेलकर या नात्याने मला अभिमानास्पदच आहे. पण विमानतळाच्या कुंपणालगत हातात काठी आणि दोरी घेऊन घुटमळणाऱ्या म्हाताऱ्याच्या हेतूंविषयी कोणाचाही गैरसमज व्हावा, हेही तितकेच खरे.

राहता राहिला वडाळे तलाव. तेथे फेऱ्या मारता येतात, आणि समस्त पनवेलचा मधुमेह व रक्तदाब सकाळी तेथे हजेरी लावून जातो. माझी अडचण फेऱ्यांची नव्हती. अडचण होती ती वाटेत भेटणाऱ्या परिचितांची. "कोठे निघालात?" या साध्या प्रश्नाला "कोठे नाही, चालतो आहे" असे उत्तर देताना, सारी हयात महसूल खात्यात कारकुनी केलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला विनापरवाना रजेवर असल्यासारखे वाटते. निघाल्या जागी परत येण्यासाठी निघणे, ही कल्पना ज्याने प्रत्येक हालचालीचा प्रवासभत्ता मागितला, त्याला पचणे कठीण. चालण्याला काही प्रयोजन हवे, निदान एखादा जावक क्रमांक हवा, असे मी एकदा आमच्या कट्ट्यावर बोलून गेलो.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सर्वजण मास्तर म्हणतात, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की, जगात त्यांना न येणारी गोष्ट नाही व आलेली गोष्टही नाही. त्यांनी तत्काळ निर्णय दिला, "किनाऱ्याने चालायचे. वाटेत थांबायचे, गळ टाकायचा, मासा लागला की पुन्हा चालायचे. व्यायाम तो व्यायाम, प्रयोजन ते प्रयोजन." मी विनम्रपणे निदर्शनास आणले की, चालण्याची पहिली अट थांबू नये ही आहे आणि गरवण्याची पहिली अट हलू नये ही आहे, सबब ही दोन कर्तव्ये एकाच इसमाने एकाच वेळी बजावणे दुरापास्त दिसते. मास्तरांनी माझ्याकडे, वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले आणि विषय संपवला.

कट्ट्यावरचे तिसरे सभासद म्हणजे बुवा. बुवा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी कधी चुकलेली नाही, कांद्याच्या वासानेही चित्त विचलित होणारे. ते या बेतातून अंग काढून घेतील अशी माझी अपेक्षा होती. परंतु तीन चहांपैकी एक चहा आपल्यावाचून प्यायला जाणार, हे कोणाही सत्पुरुषाला सहन होत नाही. "मी येईन," बुवा म्हणाले, "पण गळाला कोळंबी लावणार नाही. कणकेचा गोळा लावीन."

"मग मासा कशाला येईल?" मी विचारले.

"आला तर त्याचे प्रारब्ध. मी आपले अन्नदान करीन."

पनवेलला नगरपालिका आली ती १८५२ साली. तेव्हापासून या मातीत ठरावाशिवाय पान हलत नाही. आम्ही तिघांनी तेथल्या तेथे मंडळ स्थापन केले. मास्तर अध्यक्ष, बुवा उपाध्यक्ष आणि मी चिटणीस व खजिनदार, त्यामुळे साधा सभासद होण्यास कोणीच शिल्लक राहिला नाही. पहिल्या सभेत घारापुरी बेटाच्या किनाऱ्याने पदभ्रमण व मत्स्यग्रहण करावे असे सर्वानुमते ठरले. मत्स्यग्रहण हा शब्द बुवांच्या आग्रहास्तव. मासेमारी हा शब्द इतिवृत्तात आला असता तर त्यांनी राजीनामा दिला असता.

खरी कसोटी दिवस ठरवताना लागली. सोमवारी मास्तरांचा उपवास. मंगळवारी आमच्या घरी सामिषाचा उल्लेखही वर्ज्य. गुरुवारी मी स्वतः दत्ताचा वार पाळतो. शनिवार मारुतीचा, आणि रविवारी नातवंडे येतात. उरलेल्या बुधवार-शुक्रवारांतून संकष्टी, एकादशी, प्रदोष आणि अमावास्या वजा जाता, पंचांगातून हाती आली ती एक पौष वद्य अष्टमी. मासा पकडण्यास सरकारची बंदी यांत्रिक नौकांपुरती, आणि तीही १ जून ते ३१ जुलै एवढीच आहे. मराठी मध्यमवर्गीयाच्या घरात तीच बंदी वर्षाचे दहा महिने अमलात असते, आणि तरी मासे कमी का झाले म्हणून आपण कोळ्याला जबाबदार धरतो.

अष्टमी निश्चित होताच मास्तरांनी भरती-ओहोटीचे गणित हाती घेतले. कोकणात हा हिशेब सर्वांना ठाऊक असतो: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या ठोक्याच्या सुमारास भरती पूर्ण, आणि तेथून सहा तासांनी ओहोटी पूर्ण. आठाची पाऊणपट सहा. मास्तरांनी फळा नसल्याने हवेत बोटाने मांडून दाखवले की, सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला पूर्ण ओहोटी, सायंकाळी सहाला पुन्हा भरती. गणित अचूक होते. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र कार्यसूचीवर नव्हते, आणि प्रस्थानाची वेळ सकाळी साडेनऊ ही आधीच मंजूर झालेली होती.

सामग्रीची खरेदी मी केली. गळ, शिसे, बुचाचे तुकडे आणि तंगूस, जिचे एक वेटोळे सोडवताना आमच्या घरातील तीन खुर्च्या, एक पंखा आणि सौभाग्यवतींची जपाची माळ परस्परांशी कायमची बांधली गेली. त्यांनी एवढेच विचारले, "आणि मासा आणलात तर साफ कोण करणार?" मी म्हणालो, त्याबाबतचा ठराव पुढील सभेत येईल. खर्चाची मंजुरी मात्र माझ्याच हातात असल्याने तेथे मी हयगय केली नाही. मास्तरांनी प्रवासखर्चाचे देयक आगाऊ सादर केले होते, त्यात प्रवासाच्या रकान्यात लिहिले होते, "मोरा ते मोरा." उरणच्या बंदराचे नाव मोरा, आणि घारापुरीवर शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर अशी जी तीन गावे आहेत, त्यांपैकी मोराबंदराला आम्ही उतरणार होतो. हे मला तंतोतंत ठाऊक होते. तरीही निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण एकच दिसत असताना रक्कम अदा करणे माझ्या तीस वर्षांच्या संस्कारांना मानवेना, आणि मी देयकावर शेरा मारला, "प्रत्यक्ष प्रवास झाल्याचे दिसून येत नाही. सबब नामंजूर." मास्तर माझ्याशी उरणच्या एस.टी.त अक्षरही बोलले नाहीत. तेवढा प्रवास सुखाचा झाला.

मोऱ्याच्या धक्क्यावर ठरवलेली होडी होती, आणि होडीचा नाखवा सुकाणूवर बसून आमच्या सरंजामाकडे, म्हणजे दोन छत्र्या, एक सतरंजी, डब्यांची उतरंड व इतिवृत्ताची वही यांकडे, मोठ्या कुतूहलाने पाहत होता.

"मास्तर, आज तिथी कंची हाय?"

"अष्टमी," मास्तर म्हणाले.

"मंग भांग हाय. भांगाला पान्याला जोर नाय, माशाला भूक नाय."

"ते पाहू," मास्तर म्हणाले. मासे जणू त्यांच्या शाळेत आठवीला होते.

उजवीकडे जवाहरलाल नेहरू बंदराच्या अजस्र याऱ्या एकेक पेटारा उचलीत होत्या, उत्तरेकडे २०२४ साली खुला झालेला अटल सेतू आपली जवळजवळ बावीस किलोमीटरांची लांबी धुक्यात लपवून उभा होता, आणि या साऱ्या कर्तबगारीच्या मधोमध आम्ही तिघे वीतभर मासा आणण्यासाठी चाललो होतो. बुवांनी बेटाकडे पाहून हात जोडले. लेण्यांतील सदाशिवाचे दर्शन आधी घ्यावे, अशी सूचना त्यांनी मांडली. १९८७ पासून जी लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत, ती टाळून गाळात जाणे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. "लेणी कोठे जात नाहीत," मास्तर म्हणाले, "मासे जातात." सूचना तहकूब झाली.

मोराबंदराला उतरलो तेव्हा पाणी बरेच मागे सरकले होते. किनाऱ्याने चालणे म्हणजे वाळूवरून वाऱ्याची झुळूक अंगावर घेत चालणे, ही कल्पना ज्यांनी अलिबाग वा मुरुडला जाऊन करून घेतली आहे, त्यांनी ती घारापुरीला उपयोगात आणू नये. तेथे काळा खडक आहे, खडकावर कालवांची धारदार कवचे आहेत, खडक संपला की तिवरे आहेत, आणि तिवरांच्या मुळांशी असा एक मऊ, चकचकीत, निरुपद्रवी दिसणारा चिखल आहे की, त्यावर पाऊल ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा. त्या चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असून पाण्याबाहेर येऊन पंखांवर सरपटणारा, डोळे डोक्यावर बसवलेला हा प्राणी मला पाहून पळाला नाही. तो एका जागी थांबला, त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि मग मी दुसरे पाऊल टाकताच, जे व्हायचे ते पाहण्यासाठी किंचित बाजूला सरकला.

मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. उजवा पाय उपसावा तर डावा खाली जाई, डावा उपसावा तर उजवा बूट आत राही. "हलू नका!" मास्तर खडकावरून ओरडले, आणि माझ्या सुटकेची तजवीज करण्याआधी त्यांनी बुवांना उद्देशून बेटाचा इतिहास सांगण्यास प्रारंभ केला. राजबंदराजवळ एक अखंड पाषाणाचा हत्ती होता, त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले, आणि १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेस नेण्यासाठी उचलला असता यारी तुटून त्याचे तुकडे झाले. "मग?" बुवांनी विचारले. "मग ते तुकडे मुंबईला राणीच्या बागेत गेले, आणि १९१४ साली जोडले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे." हे सर्व मी मांड्यांपर्यंत रुतलेला असताना सांगितले गेले. त्या हत्तीला न्यावयास निदान कोणीतरी उत्सुक होते, हा विचार त्या प्रसंगीही माझ्या मनाला शिवून गेला. अखेर नाखव्याने होडीतली फळी आणून चिखलावर आडवी टाकली, मला बगलेत धरले आणि बुटांविना वर काढले. बुटांची नोंद मी निर्लेखित मालमत्तेत केली.

यानंतर आम्ही गळ टाकले. मास्तरांनी कोळंबी लावून गळ असा दूर भिरकावला की, तो कोठे पडला हे त्यांच्यासह कोणासही कळले नाही, आणि पाचच मिनिटांत तंगूस ताणली गेली. "जिताडा!" मास्तर गरजले. ज्याला आमच्या रायगडात जावयाला वाढण्याइतका मान आहे, त्या जिताड्याचे नाव ऐकताच माझा चिखलही मला विस्मृत झाला. मास्तर ओढीत होते, तो ओढीत नव्हता. पण सुटतही नव्हता. पहिल्या घटकेला त्याचे वजन पाच किलो होते. मास्तरांचा घाम जसजसा वाढला, तसतसे ते आठ, दहा आणि शेवटी पंधरा किलोंवर स्थिरावले. अर्ध्या तासाने पलीकडून नाखव्याची हाक आली, "मास्तर, माज्या होरीचा दोर सोरा!" ज्या होडीने आम्ही आलो, तिच्याच नांगराच्या दोरात गळ रुतला होता. मास्तरांचे म्हणणे अद्यापि असे आहे की, आधी मासा होता, आणि तोच गळ दोरात अडकवून गेला.

इकडे बुवा एका सपाट खडकावर पद्मासन घालून, तोंडाने नामस्मरण करीत, कणकेचा गोळा पाण्यात सोडून बसले होते. त्यांना मासा नको होता, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. आणि बोईट नावाचा मासा हा शेवाळ, गाळ व पीठ यांवर गुजराण करणारा, म्हणजे बहुतांशी बुवांच्याच पंथाचा असतो, हे शास्त्र आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते. बुवांचा दोर थरथरला. बुवांनी डोळे उघडले, आणि दोर वर येऊन खडकावर एक चंदेरी, वीतभर लांबीचे बोईट तडफडू लागले.

"अरे, अरे, हे काय झाले!" बुवा उभे राहिले.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कसले अभिनंदन? आधी सोडा त्याला!"

"थांबा!" मास्तर म्हणाले. "हा मंडळाचा मासा आहे. उपाध्यक्षांना तो परस्पर सोडता येणार नाही."

मी वही उघडली. पंचनामा करणे भाग होते. लांबी एक वीत, परंतु कोणाची वीत हा मुद्दा उपस्थित झाला, कारण मास्तरांची वीत मोठी होती आणि त्यांना मासा लहान ठरवावयाचा होता. स्थिती: सजीव. हा शेरा लिहून पूर्ण होईपर्यंत तो बदलावा लागला. बुवांनी चूळ भरली, माळेला हात लावून क्षमा मागितली आणि आता हा देह समुद्रातच विसर्जित करावा असा ठराव मांडला. मास्तरांनी त्यास उपसूचना दिली की, देह तळावा. दोन मते दोन बाजूंना पडली आणि निर्णायक मत माझे आले. मी माझा संपूर्ण सेवाकाळ निर्णायक मत न देता काढलेला असल्याने, "प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावे" असे सुचवले.

वरिष्ठ जवळच होत्या. खडकावर बसून कालवे फोडीत असलेली एक वृद्ध मावशी बराच वेळ आमचे हे विधिमंडळ ऐकत होती. ती टोपली काखेला लावून उठली, खडकावरून अशी चालत आली की जणू घरातल्या ओटीवरून येत आहे, आणि म्हणाली, "मेलेला मासा काय पुजताव? द्या इकरं, नातवाचा जेवान व्हईल." मासा टोपलीत गेला, मावशी पायवाटेला लागली. पोहोच घेण्याचे राहून गेले, आणि लेखापरीक्षणात तो एक आक्षेप आजतागायत प्रलंबित आहे.

डबे खाण्यासाठी आम्ही किनाऱ्याने शेतबंदराच्या दिशेला निघालो. तेथे धक्का आहे, छोटी आगगाडी आहे, लेण्यांकडे जाणाऱ्या शंभरावर पायऱ्या आहेत आणि ग्रामपंचायतीचा प्रवासी कर आहे, ज्याची पावती मिळताच त्या दिवशी प्रथमच माझ्या जिवाला बरे वाटले. तेथे माकडेही आहेत. त्यांपैकी एका ज्येष्ठ माकडाने सतरंजीवरच्या साऱ्या ऐवजाची शांतपणे तपासणी केली, मास्तरांचा कोळंबीचा डबा हुंगून नाक मुरडले, माझी भाजीपोळी उघडून पाहिली व तशीच ठेवली, आणि बुवांच्या पिशवीतला उरलेला कणकेचा गोळा उचलून तो झाडावर गेला. माझ्या भाजीपोळीबद्दल त्याचे काय मत झाले, हे मी सौभाग्यवतींना सांगितलेले नाही. बुवांचा चेहरा मात्र उजळला. अन्नदान अखेर योग्य मुखी पडले होते.

एक वाजता मोराबंदराला परतलो, तेव्हा होडी जेथे होती तेथेच होती, समुद्र नव्हता. चिखलात एका कुशीवर कलून ती निवांत पडली होती आणि तिच्या सावलीत नाखवा व त्याचा पोऱ्या पडले होते. "पानी आल्याबिगर होरी हालनार नाय," नाखवा डोळे न उघडता म्हणाला. मास्तरांनी पुनश्च हवेत आठाची पाऊणपट केली व ओहोटी वेळेवर झाल्याबद्दल समाधान व्यक्त केले. बेटावर बाहेरच्या मनुष्याला रात्री राहण्याची मुभा नाही. याबद्दल मला पूर्वी खेद वाटत असे. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्रतळातून तारा टाकून येथे वीज आली, तोवर या तीन गावांनी स्वातंत्र्याची सत्तर वर्षे कंदील आणि जनित्रावर काढली. मास्तरांच्या शेजारी एक दुपार काढताना मला त्या लोकांच्या सहनशक्तीचा अदमास आला.

तीनच्या पुढे पाणी होडीपर्यंत चढू लागले. नाखवा उठला, त्याने होडीतून पाग काढला, कडेची शिसे झटकली, जाळ्याचा एक पदर खांद्यावर टाकला, एक दातांत धरला आणि गुडघाभर पाण्यात शिरून, कमरेतून अर्धे वळण घेऊन तो सोडला. जाळे हवेत पूर्ण वर्तुळ होऊन पसरले आणि तसेच पाण्यावर बसले. ओढून घेतले तेव्हा आत सात-आठ बोईटे, मूठभर कोळंबी आणि रागावलेली एक चिंबोरी होती. दुसऱ्या फेकीलाही तेच. भांगाचे पाणी, जोर नाही, भूक नाही, सर्व काही तेच होते.

मास्तर ते पाहत होते. दहा मिनिटे ते गप्प राहिले, यावरून त्यांना किती वेदना होत होत्या याची कल्पना यावी. मग ते विजार वर दुमडून पाण्यात उतरले.

"नाखवा, तुमचे चुकते आहे. कोन पाहा. मनगट पंचेचाळीस अंशांवर पाहिजे. आणि ते दातात धरणे अनारोग्यकारक आहे."

नाखव्याने दातांतला पदर काढला आणि ऐकून घेतले. पंधरा मिनिटे ऐकले. त्रिज्या, परीघ, केंद्रोत्सारी प्रेरणा. मध्ये एकदा मास्तरांनी त्याला प्रश्नही विचारला आणि उत्तरासाठी पोऱ्याकडे बोट दाखवले. पोऱ्या घाबरून नाखव्याच्या मागे गेला. व्याख्यान संपले तेव्हा होडी तरंगू लागली होती.

आम्ही चढलो. बुवा पुढे बसले, मी अनवाणी मधे बसलो, आणि मास्तर पाठ सरळ ठेवून, शिकवण्याचे समाधान चेहऱ्यावर घेऊन सुकाणूपाशी बसले.

"मास्तर," नाखवा अदबीने म्हणाला, "तुमची शाला कंच्या गावाला व्हती?"

मास्तरांनी हर्षभराने गाव सांगितले, आळी सांगितली, इमारतीच्या खुणा सांगितल्या, आणि संस्थेत आपला शब्द अजून चालतो, चिठ्ठी हवी असल्यास देतो, असे आपण होऊन कबूल केले. नाखव्याने पत्ता दोनदा म्हणून घेतला, पाठ झाल्याची खात्री केली आणि पोऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऐकलंस ना, गनप्या? तिकरं नाय घालाचा तुला."

इंजिन नुकतेच सुरू झाले होते. मास्तरांना ऐकू आले नसावे, कारण त्यांनी मोठ्या प्रेमाने मान डोलावली.